झाशीचं पाणी आणि व्यस्तविधी

मे २०१६ च्या पहिल्या आठवड्यात झाशीच्या रेल्वे यार्डात पाण्याच्या दहा वाघिणींची एक गाडी येऊन उभी राहिली. साधारण तीन आठवडे आधी, १२ एप्रिलला, मिरजेहून निघालेली अशीच दहा वाघिणींची गाडी लातूरला पोहोचली होती आणि पाच लाख लिटर पाणी उतरवून गेली होती. त्याच धर्तीवर बुंदेलखंडातल्या महोब्याला पाणी द्यावं म्हणून केंद्रानं ही दुसरी गाडी पाठवली. उत्तर प्रदेश सरकारनं ती नाकारली. मग पाहणी झाली, तेव्हा वाघिणी रिकाम्या निघाल्या. त्या झाशीतच भरायच्या होत्या, असं रेल्वेचं म्हणणं. वाद काही दिवस चालला आणि विरला. मला त्या वादापेक्षा त्यामागचा एक साधा हिशोब महत्त्वाचा वाटतो: ती गाडी भरून गेली असती, तर किती माणसांना पुरली असती?

एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे गाडीत पाच लाख. भुयारी गटारं असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरावं, हे आपल्याकडचं प्रमाण. पाच लाखाला १३५ नं भागलं की उत्तर येतं ३,७०३ माणसं. जलजीवन मिशननं २०१९ साली खेड्यांसाठी ठरवलेलं ५५ लिटरचं प्रमाण घेतलं, तर ९,०९० माणसं. एवढी मोठी गाडी, आणि त्यातून एका मध्यम गावाची एका दिवसाची सोय.

आता हाच हिशोब दुसऱ्या टोकाकडून करू. २०११ च्या जनगणनेत झाशी शहराची लोकसंख्या ५,०५,६९३ होती. तिला १३५ नं गुणलं की रोजची गरज ६ कोटी ८३ लाख लिटर निघते. तेवढं पाणी रेल्वेनं आणायचं तर दिवसाला १३७ गाड्या लागतील, म्हणजे दर साडेदहा मिनिटांनी एक. आणि तिसरं टोक: समजा शहराला रोज ४ कोटी लिटरच मिळालं, तर माणशी किती? ७९ लिटर.

प्रश्न तीन झाले, पण संबंध एकच वापरला: एकूण पाणी म्हणजे माणसं गुणिले दरडोई पाणी. शाळेत याची तीन सूत्रं वेगवेगळी लिहून घेतात, कधी एक त्रिकोण काढून त्यात तीन अक्षरं बसवतात आणि हवं ते अक्षर बोटानं झाका म्हणतात. परीक्षेपुरतं ते चालून जातं. पाण्याच्या कामात मात्र त्याचा उपयोग थोडा आणि धोका जास्त, असं माझं ठाम मत आहे. जलशुद्धीकरण केंद्रावर रोजचा प्रश्न कोणत्या टोकाकडून येईल, हे आधी सांगता येत नाही. सकाळी विचारतात किती क्लोरीन सोडू, दुपारी विचारतात काल नेमकं किती सोडलं गेलं, आणि भांडारातला माणूस विचारतो की शिल्लक किती दिवस पुरेल. तीन घटकांचा त्रिकोण तिथे टिकत नाही, कारण खऱ्या सूत्रात चौथा आणि पाचवा घटकही असतो.

झाशीसारख्या गावात या हिशोबाला धार येते. बुंदेलखंडाचा पाया ग्रॅनाइटचा. खडक कठीण, त्यामुळे पाऊस पडला तरी जमिनीच्या पोटात फार साठत नाही. जुन्या झाशीची भिस्त विहिरींवर आणि तळ्यांवर होती. किल्ल्याजवळच्या एका देवस्थानाला पंचकुइयाँ म्हणतात ते पाच विहिरींवरूनच. १७४२ पासून पेशव्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी इथे वस्ती वाढवली, पुढे कोकणातून आलेल्या नेवाळकरांची सुभेदारी झाली, आणि त्यांच्यामागून कितीतरी मराठी घरं इथे रुजली. १८५८ च्या वेढ्याच्या वेळी वरसईहून प्रवासाला निघालेले गोडसे भटजी याच गावात अडकले होते. त्या काळात गावाचं पाणी गावातच मोजलं जात होतं. आज ते लांबून येतं. बेतवा नदीवर १८८० च्या दशकात पारीछा धरण झालं, १९५८ साली ललितपूर जिल्ह्यात माताटीला झालं. माताटीलाचं पाणी बबीन्याजवळ शुद्ध होतं आणि तिथून सुमारे २५ किलोमीटर नळातून झाशीकडे येतं. एवढ्या लांबच्या वाटेवर पाणी सुरक्षित राहिलं की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. ते हिशोबानंच कळतं.

सगळ्यात रोजचा हिशोब क्लोरीनचा. मेट्रिक मापांनी आपलं एक मोठं काम सोपं केलं आहे. दहा लाख लिटर पाण्यात दर लिटरला एक मिलिग्रॅम घालायचं तर दहा लाख मिलिग्रॅम लागतात, आणि दहा लाख मिलिग्रॅम म्हणजे बरोबर एक किलो. म्हणून दशलक्ष लिटर गुणिले मिलिग्रॅम प्रतिलिटर केलं की थेट किलो मिळतात. दिवसाला ४० दशलक्ष लिटर पाणी आणि २ मिलिग्रॅमची मात्रा, तर ८० किलो क्लोरीन. अमेरिकेतल्या ऑपरेटरला याच सूत्रात ८.३४ हा आकडा घालावा लागतो, कारण त्यांच्या एका गॅलन पाण्याचं वजन तेवढे पौंड भरतं. तो आकडा विसरला की उत्तर आठपट चुकतं. आपल्याला तो त्रास नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे या हिशोबाला घाबरण्याचं कारण कमी आहे.

हेच उलटं करू. क्लोरीन वायूचा मोठा सिलिंडर, म्हणजे टनर, वजनकाट्यावर ठेवलेला असतो. चोवीस तासांत तो ८८ किलोनं हलका झाला आणि पाणी ४० दशलक्ष लिटर गेलं, तर प्रत्यक्ष मात्रा २.२ पडली. भरलेल्या टनरमध्ये ९०० किलो क्लोरीन असतो. पावसाळ्यात मात्रा ३ करावी लागली तर रोज १२० किलो, म्हणजे टनर साडेसात दिवस चालेल. आठव्या दिवशी दुसरा टनर जोडलेला नसेल, तर शहराच्या नळाला जंतूंसकट पाणी जाईल.

इथवर सूत्र निमूटपणे वळतं. खरी परीक्षा पुढे आहे. समजा प्रवाहमापक बिघडला. क्लोरीन ८० किलो गेला, मात्रा २ ची ठरवली आहे, म्हणून पाणी ४० दशलक्ष लिटर गेलं असणार, असं कागदावर निघतं. पण ती २ ची मात्रा ४० दशलक्ष लिटर गृहीत धरूनच लावली होती! उत्तर आधीच प्रश्नात घातलेलं होतं, तेच परत बाहेर आलं. सूत्र कोणत्याही बाजूला वळवता येतं, मात्र जे घटक माहीत म्हणून लिहितो ते स्वतंत्रपणे मोजलेले असले पाहिजेत. बीजगणित ही खात्री देत नाही. ती माणसानंच करून घ्यायची.

दुसरी गफलत याहून नेहमीची. नळाच्या पाण्यात चाचणी घेतली की जे दिसतं ती मात्रा नसते, तो उरलेला क्लोरीन असतो. पाण्यात पडलेला क्लोरीन आधी सेंद्रिय घाण, लोह, अमोनिया यांच्याशी झुंजण्यात खर्च होतो. त्या खर्चाला क्लोरीनची मागणी म्हणतात. मात्रा म्हणजे मागणी अधिक उरलेला. २ मिलिग्रॅम घातला आणि ०.५ उरला तर मागणी १.५. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात मागणी २.८ वर गेली, तर ०.५ उरवण्यासाठी ३.३ घालावा लागेल, आणि ४० दशलक्ष लिटरला १३२ किलो. जुन्या ८० किलोंवर चालू राहिलात तर नळाला शून्य.

गावपातळीवर या सूत्रात आणखी एक घटक येतो. आपल्या ग्रामपंचायतीत गॅसचा टनर नसतो, टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. चांगल्या ताज्या पावडरीत वजनाच्या ३३ टक्क्यांपर्यंत कामाचा क्लोरीन असतो. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, उन्हाळा गेला की तो २५, २० असा उतरत जातो. पावडर म्हणजे पाणी गुणिले मात्रा, भागिले पावडरीचा कस. ५० हजार लिटरच्या टाकीला २ ची मात्रा द्यायची तर १०० ग्रॅम शुद्ध क्लोरीन हवा. ३३ टक्क्यांची पावडर असेल तर ३०३ ग्रॅम, २० टक्क्यांची असेल तर पूर्ण अर्धा किलो. आता जलसुरक्षकानं सवयीनं ३०० ग्रॅमचंच माप टाकलं आणि पावडर जुनी निघाली, तर पाण्यात पडला ६० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १.२ मिलिग्रॅम. मागणी १.५ असेल तर उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी चाचणीच्या नळीत पिवळा रंग येणारच नाही. माणसानं रोज इमानानं पावडर टाकली, वहीत सही केली, आणि तरी गावात कावीळ येऊ शकते. मला हा हिशोब शिकवण्याची तळमळ वाटते ती यासाठी. त्या माणसाच्या इमानात काही कमी नव्हतं. त्याला भागाकाराची एक पायरी कुणी समजावून दिली नव्हती.

आता सगळे घटक एकत्र करू. पावडर = पाणी × (मागणी + उरलेला) ÷ कस. पावडर किती, हे काढायचं तर सरळ चालत जायचं. पण समजा पुरात एका दिवशी ६४० किलो पावडर गेली, कस २५ टक्के, पाणी ४० दशलक्ष लिटर, आणि टाकीत ०.५ उरला. पाण्याची मागणी किती होती? इथे गोंधळ उडतो तो क्रमाचा. बहुतेकांचा हात आधी वजाबाकीकडे जातो, कारण ती सोपी. पण ६४० किलोंतून ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर वजा करता येत नाही, दोन्हींची एककंच वेगळी आहेत. एककं लिहिण्याची सवय असेल तर हात तिथेच थांबतो. सूत्र बांधताना शेवटी जे केलं ते आधी सोडवायचं. पागोट्याचा शेवटचा वेढा आधी सुटतो, तसं. शेवटी कसानं भागलं होतं, म्हणून आता कसानं गुणा: १६० किलो क्लोरीन. त्याआधी पाण्यानं गुणलं होतं, म्हणून भागा: ४ मिलिग्रॅम. सर्वांत आधी बेरीज होती, म्हणून आता वजाबाकी: ३.५. पाण्यानं त्या दिवशी इतका क्लोरीन खाल्ला.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आर्यभटानं ती थोडक्यात सांगितली, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत व्यस्तविधी म्हणून नीट मांडली: जो आकडा दिसतो आहे तिथून मागे चाला, वाटेत भागाकार दिसेल तिथे गुणाकार करा, गुणाकार दिसेल तिथे भागाकार, बेरजेला वजाबाकी, वर्गाला वर्गमूळ. भास्कराचार्य सह्याद्रीच्या आश्रयाचे. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ साली त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभा केला, त्याचा शिलालेख तिथे आहे आणि तो जगापुढे आणला भाऊ दाजी लाडांनी.

लीलावतीत पाण्याचंच एक गणित आहे. चार झरे एक वापी, म्हणजे विहीर, भरतात. पहिला एकटा एका दिवसात, दुसरा अर्ध्या, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर किती वेळ? वेळांची बेरीज करून काही हाती लागत नाही, वेगांची करावी लागते. दिवसाला १, २, ३ आणि ६ वाप्या, मिळून १२. म्हणजे एक वापी दिवसाच्या बाराव्या भागात भरते.

आजच्या जलकुंभावर हे गणित जसंच्या तसं लागू पडतं. एक पंप टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ४ तासांत. दोन्ही मिळून ताशी एक षष्ठांश अधिक एक चतुर्थांश, म्हणजे पाच द्वादशांश टाकी. भरायला २ तास २४ मिनिटं. आता हे उलटं वळवलं की गणित फार मोलाचं होतं. रात्री दोन्ही पंप चालू आहेत, आणि टाकी भरायला २ तास २४ मिनिटांऐवजी ४ तास लागले. भरण्याचा प्रत्यक्ष वेग ताशी एक चतुर्थांश, यायला हवा होता पाच द्वादशांश. फरक एक षष्ठांश टाकी दर तासाला. टाकी २० लाख लिटरची असेल तर ताशी ३ लाख ३३ हजार लिटर पाणी कुठेतरी जातं आहे. मध्यरात्री दोन वाजता शहर झोपलेलं असताना एवढं पाणी कोण वापरणार? त्यातला बराचसा भाग गळतीचा. पंप झिजले आहेत का, हे आधी पडताळावं लागतं, आणि एखादी वस्ती रात्रीच पाणी भरत असेल तर तेही विचारावं लागतं. तरी नवं यंत्र विकत घेण्याआधी, घड्याळ आणि टाकीवरची मापपट्टी यांच्या बळावर गळतीचा पहिला अंदाज बांधता येतो.

तुरटीचं गणित वेगळ्या वाटेनं जातं. निवळण टाकीत पाणी वर चढतं आणि गाळाचे कण खाली बसतात. कण बसण्याचा वेग पाण्याच्या चढण्याच्या वेगापेक्षा जास्त हवा. टाकीच्या दर चौरस मीटरला दिवसाला ३० घनमीटर पाणी घेतलं, तर पाणी दिवसाला ३० मीटर वेगानं चढतं. मग किती बारीक कण खाली बसेल? जॉर्ज गेब्रिएल स्टोक्सनं १८५१ साली, झाशीत गंगाधरराव राज्य करत होते त्या काळात, कणाच्या बसण्याचा नियम दिला: वेग हा कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सूत्र व्यासाकडून वेगाकडे जातं, आपल्याला वेगाकडून व्यासाकडे जायचं आहे, म्हणून वर्गमूळ घ्यावं लागतं. वाळूसारख्या जड कणासाठी आणि २० अंश तापमानाच्या पाण्यासाठी उत्तर येतं ०.०२ मिलिमीटर. त्याहून मोठे कण आपोआप बसतील. पण पुराच्या पाण्याचा गढूळपणा मातीच्या ज्या कणांमुळे असतो ते ०.००२ मिलिमीटर आणि त्याहून लहान. व्यास दहापट लहान म्हणजे वेग शंभरपट कमी, दिवसाला जेमतेम ३० सेंटिमीटर. तीन मीटर खोल टाकीत असा कण तळाला जायला दहा दिवस घेईल. दहा दिवस पाणी साठवायला कुणाकडे जागा आहे? म्हणून तुरटी. ती बारीक कणांना एकमेकांना चिकटवून मोठे करते आणि वर्गाचा नियम आपल्या बाजूला वळवते. तुरटी का घालतात याचं उत्तर वर्षानुवर्षं केंद्रावर काम करणाऱ्यांनाही सवयीचं झालेलं असतं. एक वर्गमूळ काढलं की त्याचं कारण आकड्यात दिसतं.

त्याच सूत्रात पाण्याचा चिकटपणा भागाकारात बसलेला आहे. १० अंशांचं पाणी ३० अंशांच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून थोडं जास्त चिकट. झाशीचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगल्याच गारठ्याच्या असतात. तीच टाकी, तोच प्रवाह, तरी हिवाळ्यात गाळ हळू बसतो. टाकी बदलता येत नाही, म्हणून प्रवाह कमी करावा लागतो किंवा तुरटीची मात्रा प्रयोगशाळेत जार चाचणी घेऊन नव्यानं ठरवावी लागते.

विहिरीच्या हिशोबातही वर्ग लपलेला आहे. गोल विहिरीतलं पाणी म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५. चार मीटर व्यास, पाच मीटर पाणी, तर ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर. खोली मोजताना दहा टक्के चूक झाली तर उत्तर दहा टक्के चुकतं. व्यासात तेवढीच चूक झाली तर एकवीस टक्के. त्रिज्येच्या जागी व्यास घातला तर चौपट. म्हणून मी म्हणेन, विहिरीवर गेलात की दोर सोडून खोली एकदा मोजा, पण व्यास दोनदा मोजा, दोन दिशांनी.

त्या विहिरीला पावडर किती, हे ठरवायला हॉरॉक्स चाचणी अजून वापरतात. पांढरे सहा पेले, एक काळा पेला, दोन ग्रॅमचा चमचा, स्टार्च-आयोडाइडचे थेंब. ज्या पेल्यात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो, त्याचा क्रमांक गुणिले दोन ग्रॅम, एवढी पावडर ४५५ लिटरला. हा ४५५ चा विचित्र आकडा कुठून आला? शंभर ब्रिटिश गॅलन म्हणजे जवळजवळ तेवढे लिटर. ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातल्या विल्यम हॉरॉक्सनं ही रीत बसवली, माप बदललं तरी आकडा राहिला. तिसऱ्या पेल्यात निळं दिसलं तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, आणि आपल्या विहिरीला ८२८ ग्रॅम. या रीतीत मला भावतं ते असं की पावडरीचा कस वेगळा मोजावाच लागत नाही. चाचणी त्याच पिशवीतल्या पावडरीनं आणि त्याच विहिरीच्या पाण्यानं होते. कस उतरलेला असेल तर निळा रंग पुढच्या पेल्यात सरकतो आणि हिशोब स्वतःच दुरुस्त होतो.

व्यस्तविधीची एक मर्यादा सांगायला हवी. अज्ञात संख्या सूत्रात एकदाच येत असेल तरच ती चालते. भांडारात ३३ टक्क्यांची नवी आणि २० टक्क्यांची जुनी पावडर आहे, दोन्ही मिसळून २५ टक्क्यांची शंभर किलो करायची आहे. नवी किती घ्यायची? नवी जितकी घेऊ तितकी जुनी कमी होते, म्हणजे अज्ञात दोन ठिकाणी आलं. मागे चालायला एकच वाट राहत नाही. भास्कराचार्यांनी यासाठी बीजगणित हा वेगळा ग्रंथ लिहिला. नव्या पावडरीतला दर किलो २० टक्क्यांवर १३ टक्के जादा आणतो. शंभर किलोंना जादा हवेत ५ किलो. पाच भागिले ०.१३, साडेअडतीस किलो नवी आणि साडेएकसष्ट किलो जुनी.

आणि आता बबीन्यापासून झाशीपर्यंतची वाट. नळात पाणी सेकंदाला एक मीटर वेगानं चालतं असं धरलं, तर २५ किलोमीटरला जवळजवळ सात तास लागतात. पुढे शहरातल्या टाकीत आणि गल्लीबोळांत आणखी पाच तास धरू. एकूण बारा. वाटेत क्लोरीन हळूहळू विरतो. समजा दर चार तासांनी तो निम्मा होतो. भारतीय मानकाप्रमाणे शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. सुरुवातीला १ मिलिग्रॅम ठेवला, तर तो चार तासांनी अर्धा, आठ तासांनी पाव, बारा तासांनी ०.१२५. कमी पडला. किती वेळ पुरला असता, हे काढायला लॉगॅरिदम लागतो, आणि उत्तर येतं सव्वानऊ तास. शेवटच्या पावणेतीन तासांच्या वाटेवरची वस्ती उघडी राहिली.

मग मागे चालू. शेवटी ०.२ हवा, वाट बारा तासांची, म्हणजे तीनदा निम्मा होणार. तीनदा दुप्पट करा: १.६. पण त्याच मानकात वरची मर्यादा १ मिलिग्रॅमची आहे. आरंभाजवळच्या घरांना १.६ चं पाणी द्यावं लागेल, आणि ते द्यायचं नाही. सूत्र बरोबर वळवलं, उत्तरही बरोबर आलं, आणि त्या उत्तरानं सांगितलं की एकाच ठिकाणी क्लोरीन घालून हे काम होणार नाही. मधल्या टाकीवर, सहा तासांच्या अंतरावर, दुसऱ्यांदा क्लोरीन घालण्याची सोय केली, तर प्रत्येक टप्प्यात तो दीडदाच निम्मा होतो. ०.२ ला दोनदा दुप्पट केलं तर ०.८, एकदा केलं तर ०.४, आणि दीडदा केलं तर ०.५७. आरंभी ०.५७, मध्ये पुन्हा ०.५७ पर्यंत भर, आणि शेवटच्या नळाला ०.२. पहिल्या घरालाही वास येणार नाही इतका थोडा, आणि शेवटच्या घरालाही पुरेल इतका.